डी अँड डी: फिरता व्यापारी खेळायचाय, गाडीत काय भरू?

गोणपाट

नमस्कार मंडळी,

आमचा पुण्यातला ग्रुप दिवाळीनंतर नवीन कॅम्पेन (बऱ्याच बैठका चालणारी गोष्ट) सुरू करतोय. डंजन्स अँड ड्रॅगन्स, २०२४ ची नियमावली. जग मात्र डीएमने, म्हणजे खेळ चालवणारीने, स्वतः रचलेलं: लांबलचक किनारपट्टी, मागे घाट, घाटावर आपसात भांडणारी चार-पाच संस्थानं. मागच्या खेपेला मी बार्बेरियन होतो, म्हणजे दार दिसलं की लाथ. यंदा लढवय्या नको. मला फिरता व्यापारी व्हायचंय.

नवीन पुस्तकात मर्चंट ही बॅकग्राउंड (पात्राचा पूर्वीचा व्यवसाय) आयती मिळते. अ‍ॅनिमल हँडलिंग (जनावरं सांभाळणं) आणि पर्स्वेजन (मन वळवणं) ही दोन कौशल्यं, नॅव्हिगेटर्स टूल्स (दिशा शोधायची साधनं), लकी हे फीट (खास गुण), अंगावरचे कपडे, दोन बटवे आणि २२ सुवर्णनाणी. कागद भरून झाला, माणूस काही उभा राहत नाहीये. काहीही लिहायला घेतलं की "डाकूंनी तांडा लुटला, आईबाप मारले गेले" याच वळणावर जातं. डीएमने वाचून परत पाठवलं. म्हणाली, या टेबलावर तीन अनाथ आधीच आहेत, चौथा घेणार नाही.

तर प्रश्न असे. चालता धंदा टाकून हा माणूस चार उपटसुंभांबरोबर भुयारात कशाला उतरेल? गाडीत माल काय असावा? आणि दर गावात घासाघीस करून बाकीच्यांना जांभया आणायच्या नाहीत, ते कसं जमवायचं?

क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, ठरलेला नाही. रोग (rogue, चोरपावलांचा हिकमती) किंवा बार्ड (गवई).

रानमोगरा

काहीतरी धंद्याचं असेल म्हणून धागा उघडला. हे नेमकं काय असतं? आमच्या चिरंजीवांनी ते बरेच कोनवाले फासे आणून ठेवलेत. परवा एक मिक्सरखाली सापडला.

वीसफाशी

रानमोगरा ताई, एकजण सूत्रधार असतो, त्याला डीएम म्हणायचं. बाकीचे एकेक पात्र घेतात. गोष्ट सगळे मिळून बोलत बोलत पुढे नेतात, आणि जिथे जमेल की नाही अशी शंका येईल तिथे फासा टाकतात. हे १९७४ पासून चालू आहे. पट, सोंगट्या असल्या तर बरं, नसल्या तरी अडत नाही. मिक्सरखालचा जपून ठेवा, एक फासा हरवला की सेट गेला.

गोणपाट, तुम्हाला मात्र माझा स्पष्ट विरोध. बरीच वर्षं डीएमगिरी करतोय. व्यापारी आला की टेबलाची वाट लागते. मंडळी राक्षसाच्या गढीवर निघालेली असतात आणि हे महाशय दोरखंडाच्या दुकानात. दोर एक सोन्याचा, याला तो आठ चांदीच्या नाण्यांना हवा. दुकानदाराचं नाव काय, त्याची बायको कशी आहे, मुलीचं लग्न ठरलं का. सगळी संध्याकाळ दोन चांदीच्या नाण्यांसाठी. माझ्याकडे आता नियम आहे: एकदा पर्स्वेजन टाका, जमलं तर सूट, नाही तर नाही, चला पुढे.

चहाटळ

पुण्यातला व्यापारी म्हणताय, मग सोपं आहे. ड्रॅगन आला तरी एक ते चार बंद.

कोपरा_सीट

@चहाटळ, हा विनोद आता पेन्शनीत निघाला.

हिशेबनीस

आधी आकडे बघा, मग माल ठरवा. २०१४ च्या पुस्तकात व्यापारी मालाचा तक्ता आहे. एक पौंड गहू १ तांब्याचं नाणं, मीठ ५ तांब्याची. मिरी २ सोन्याची, लवंग ३, केशर १५. सोन्याचं एक म्हणजे तांब्याची शंभर.

खेचर ८ सोन्याचं, दोनचाकी गाडी १५ ची. खेचर पाठीवर ४२० पौंड नेतं, ओढायला पाचपट म्हणजे २१००, त्यात गाडीचं स्वतःचं वजन २००. मालाला उरले १९०० पौंड. आता गाडीभर गहू भरा. १९ सोन्याची नाणी! गाडी आणि खेचर मिळून २३ ला पडलं आणि आतला माल १९ चा. चारा रोजचा ५ तांबे, तो सोडून द्या. पण एक जाणता राखणदार ठेवलात तर रोजची २ सोन्याची. दहा दिवसांच्या वाटेवर तो एकटा २० खाणार. गहू नेऊन घरी तोंड दाखवायची सोय नाही.

तीच गाडी मिठाने भरली तर ९५. मिरीने भरली तर ३८००. केशराने २८,५००. पहिल्या लेव्हलला ३८०० ची मिरी कुठलाही डीएम देणार नाही, आणि दिली तर ती लुटायलाच दिलेली असेल. माझं मत: वरती मीठ, तळाला मिरीचं एकच ४० पौंडांचं पोतं. ८० नाण्यांचा माल, बाहेरून दिसते मिठाची गाडी.

दुसरी गंमत. तुमच्याकडे २२ नाणी. खेचर घेतलं की १४ उरतात, गाडी १५ ला. एक नाणं कमी पडतं.

वीसफाशी

क्लासची नाणी वेगळी मिळतात की. शिवाय सामान नको म्हटलं तर बॅकग्राउंडची रोख ५० घेता येतात.

हिशेबनीस

येतात. पण एक नाणं कमी पडण्यात जी मजा आहे ती ५० घेण्यात नाही.

आणि अजून एक. नियमाप्रमाणे मेलेल्या गॉब्लिनची (छोट्या राक्षसाची) तलवार विकायला गेलात तर निम्मी किंमत मिळते, व्यापारी माल मात्र पुऱ्या किमतीला जातो, नाण्यासारखा. ऐकायला छान. पण तक्त्यात सगळीकडे एकच भाव! बंदरावर मिरी २ आणि घाटावरही २. मग व्यापारी जगणार कशावर? डीएमने गावागणिक भाव वेगळे केल्याशिवाय हे पात्र चालूच शकत नाही. मोठा तक्ता नको. तीन माल, तीन गावं, कुठे मुबलक आणि कुठे टंचाई एवढं एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं तरी पुरे.

घाटवाटा

हिशेबनीसांचा हिशेब चोख, पण मग प्रश्न पडतो की खऱ्या जगात धान्य आणि मीठ लांबवर नेणारे लोक होते कसे? बंजाऱ्यांचे तांडे तर हाच माल वाहायचे. टॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात त्यांचं वर्णन केलंय, एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल. तांदूळ, धान्य, मीठ.

त्यांना परवडायचं कारण ते गाडी वापरत नसत. बैलाच्या पाठीवर दोन्हीकडे गोण, आणि बैल वाटेने चरत जायचा. चाऱ्याचा खर्च जवळपास शून्य. घरदार बरोबरच, त्यामुळे मजुरी वेगळी नाही. राखणदारही घरचेच. चाल अगदी मंद, पण गाडीरस्ता लागत नाही, घाट उतरता येतो. शिवाय मोठं गिऱ्हाईक ठरलेलं: फौजा. लढाया चालू असल्या की दोन्हीकडच्या छावण्यांना धान्य लागतं, आणि ते पोचवणाऱ्याला हात लावणं कुणालाच परवडत नाही. गोणपाट, तुमच्या डीएमच्या जगात संस्थानं भांडतायत ना? मग दोन्ही बाजूंना दाणागोटा पुरवणारा माणूस हे पात्र बघा. त्याला सगळीकडे प्रवेश आणि सगळीकडे संशय.

गाडीच हवी असेल तर तेही आहे. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात भडोचहून दक्षिणेला पैठण २० दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तेर आणखी १० दिवसांवर दिलंय. पैठणचे रंगीत दगड आणि तेरचं मलमल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराला जायचं. आपल्या नाणेघाटात वर तो दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून दाखवतात. जुन्नर-कल्याण वाट तिथूनच उतरते. माझ्या डोक्यात तर तो रांजण आला की लगेच सीन तयार होतो: रात्री घाटमाथ्यावर नाकं, रांजणात नाणी टाकल्याशिवाय पुढे सोडत नाहीत, आणि आत टाकलेलं नाणं खाली वाजतच नाही.

चहाटळ

रांजणात मिमिक, म्हणजे वस्तूचं सोंग घेऊन बसलेला राक्षस. घ्या.

घाटवाटा

@चहाटळ, हे मात्र घेतलं.

निमूट

चांगला धागा चाललाय, त्यात जरा खडा टाकतो. बंजारा, लमाण यांच्यावरून पात्र बेतताना ते "गूढ, हातचलाख, पोरं पळवणारे भटके" होणार नाहीत एवढं बघा. परदेशी खेळांत भटक्यांचं असंच चित्र वर्षानुवर्षं छापलं गेलं आणि त्यावर बरीच टीकाही झाली. आपल्याकडे तर ते नुसतं चित्र राहिलं नाही. सडका आणि आगगाडी आल्यावर या लोकांचा वाहतुकीचा धंदा बुडाला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली त्यांच्यातल्या काही गटांवरही शिक्का बसला. कायदा १९५२ ला गेला, शिक्का सहज जात नाही.

तसाच दुसरा नमुना म्हणजे कवडीचुंबक शेठजी. तोही नको.

वीसफाशी

निमूट, पटतंय. पण काल्पनिक जगात एवढं सांभाळत बसलं तर खेळायचं काय?

निमूट

सांभाळायला फार काही लागत नाही. लोभ हा पात्राचा एकमेव गुण ठेवू नका, बास. व्यापाऱ्याला लोभापेक्षा भीती जास्त असते. माल भिजेल, बैल बसेल, समोरचा पैसे बुडवेल. हे खेळा.

कापडबाजार

निमूट यांच्याशी शंभर टक्के सहमत. आमचं घर दोन पिढ्या कापडात. मी हा खेळ खेळत नाही, भाचा खेळतो, त्यानेच धागा पाठवला. व्यापारी काय "विकतो" हे तुम्ही सगळे बघताय. व्यापाऱ्याला विचारा, तो वही दाखवेल. कुणाकडून येणं आणि कुणाला देणं. माल आज हा, उद्या तो. वही तीच राहते.

तीन गोष्टी सांगतो, त्यातून कथा तुम्ही बांधा.

पहिली, जांगड. माल पसंतीवर देतात. विकला गेला तर पैसे, नाही तर माल परत. तोवर माल मालकाचाच. आता समजा तुमच्या त्या पोत्यातली मिरी जांगड आहे. बंदरावरच्या एका पेढीने दिली. तुम्ही घाटावर पोचलात आणि खबर आली की पेढीचा मालक वारला. तीन मुलगे, तिघांची तीन पत्रं: मिरी मला परत कर, भावाला दिलीस तर याद राख. विकता येत नाही, टाकता येत नाही, परत कुणाला द्यायची ते कळत नाही. डाकूंची गरजच काय?

दुसरी, हुंडी, म्हणजे पैसे द्यायची चिठ्ठी. दर्शनी म्हणजे दाखवली की पैसे, मुदती म्हणजे ठरल्या दिवसांनी. हुंडी हरवली तर लिहिणाऱ्याकडून तिची दुसरी प्रत मिळायची, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. विचार करा: तुम्ही पेठ घेऊन पेढीवर गेलात आणि मुनीम म्हणाला, अहो, मूळ हुंडीचे पैसे तर काल तुम्हीच घेऊन गेलात. तिसरी जात जोखमी हुंडी. माल सुखरूप पोचला तरच पैसे, वाटेत बुडाला तर धोका हुंडी घेणाऱ्याचा. गलबत बुडालं अशी बातमी आहे आणि त्याच गलबतावरचं कापड कुणाच्या तरी अंगावर दिसतंय, एवढं पुरेल ना तुम्हाला?

तिसरी, तुमची घासाघीस. बैलबाजारात बघितली असेल. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं धरायची. एक बोट एक, दोन बोटं दोन, पंजा पाच. शेकडा की हजार ते आधी तोंडाने बोलून घ्यायचं. भोवती गर्दी असली तरी भाव त्या दोघांनाच ठाऊक. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. समोरच्याने बोट दाबलं की कळतं, अजून वाव आहे. सौदा पटापट होतो, तोंडाच्या घासाघिशीला लागतो तेवढा वेळ लागतच नाही.

गोणपाट

कापडबाजार काका, तुम्ही खेळत नाही हे खरं वाटत नाही. हे सगळं डीएमला पाठवतोय. जांगड तर घेतलीच समजा.

वीसफाशी

रुमालाची कल्पना जबरदस्त आहे, विरोध अर्धा मागे. नियम असा करता येईल. डीएम मनात विक्रेत्याची शेवटची किंमत ठरवतो. खेळाडू आणि डीएम रुमालाखाली हात घालतात, तीन वेळा बोटं, चौथी नाही. जमलं तर सौदा, नाही तर दुकानदार उठला. पर्स्वेजन आधी टाकायचं: चांगलं पडलं तर डीएमने एकदा खरा इशारा द्यायचा. सगळं मिनिटाभरात.

आणि मुख्य म्हणजे बाकीच्या खेळाडूंना खरा भाव कळत नाही. व्यापाऱ्याने येऊन सांगायचं, "बारा पडले." पडले असतील नऊ.

कोपरा_सीट

आमच्या ग्रुपमध्ये यावरून खरी भांडणं होतील. करून बघायलाच हवं.

रानमोगरा

रुमालावरून आठवलं, तुमच्या यादीत बोहारीण कशी नाही? दुपारी दारात बसायची, जुन्या साड्यांच्या बदल्यात भांडी. आईची जरीची साडी ती उजेडाकडे धरून अशी बघायची की आपल्यालाच लाज वाटावी. मग एक पातेलं पुढे करायची. आई म्हणायची, एवढ्यात एवढंसंच? ती मुकाट्याने टोपली बांधायला घ्यायची. उठायची नाही हां, नुसती गाठ मारत राहायची. आई अजून एक परकर आणून टाकायची आणि पातेल्याची घागर व्हायची. पैसा मध्ये कुठेच नाही. आणि गल्लीत कुणाकडे काय चाललंय ते तिला सगळं ठाऊक, कारण घरातले कपडे तिच्या हातात.

चहाटळ

बोहारीण बार्ड! जुनी चिलखतं द्या, नवी कढई घ्या. मेलेल्या गॉब्लिनांची निम्म्या किमतीची तलवारसुद्धा खपली.

उत्तरध्रुव

हसू आलं, पण ही कल्पना खरंच मोलाची आहे. साहसवीर जिथे रक्त सांडून जातात तिथे मागून जाऊन मोडकी चिलखतं, फाटके तंबू गोळा करून भांड्यांवर बदलणारी बाई. तिला प्रत्येक लढाईची खबर असणार.

मी इकडे कॅनडात ऑफिसातल्या लोकांबरोबर खेळते. आमच्याकडे व्यापारी पात्र होतं, तेव्हा जे चाललं ते सांगते. पहिल्या बैठकीआधी कापडबाजार म्हणतात तशी वही बनवली. खरीखुरी, छोटी. दोन बाजू, येणं आणि देणं. बाकीच्या प्रत्येक खेळाडूला विचारलं: तू हिच्याकडून उधारीवर काय नेलंयस? फायटरने (लढवय्याने) भाल्याचं टोक सांगितलं, विझर्डने (जादूगाराने) शाई, "जी शाई नव्हती". कारण मिळालं! ती पार्टीबरोबर, म्हणजे बाकीच्या पात्रांच्या टोळीबरोबर, का हिंडते? तिचे ऋणको पार्टीत आहेत, मेले तर वसुली कुणाकडून? भुयारात पहिल्यांदा उतरली ती याच एका कारणासाठी.

हिशेबनीस

धनको पार्टीच्या मागे चालतो. झकास.

वीसफाशी

एक धोका. खेळाडूंना कर्जात राहायला आवडत नाही. सोन्याची पेटी सापडली की पहिल्याच दिवशी फेडून मोकळे होतील, आणि तुमचं कारण संपलं. नाही तर एखादा चिडेल की हा कोण मला दर वेळी तगादा लावणारा.

उत्तरध्रुव

म्हणून वहीला दोन बाजू. तिचंही देणं हवं, आणि ते पैशातलं नको. आमच्या क्लेरिकने (देवाच्या शक्तीने बरं करणारीने) तिचा मुलगा तापातून वाचवला होता, मोबदला घेतला नव्हता. ते देणं तिने वहीत लिहिलेलं आणि पुढची रक्कम कोरी. शेवटपर्यंत कोरीच राहिली, क्लेरिक दर वेळी हसून टाळायची.

आडवाट

गिल्डबद्दल, म्हणजे व्यापारी-कारागिरांच्या संघाबद्दल, कुणी बोललं नाही. २०१४ च्या पुस्तकात गिल्ड मर्चंट हा पर्याय होता, महिन्याला ५ सोन्याची नाणी वर्गणी, बदल्यात गिल्ड अडीअडचणीला धावणार. खेळताना लोक हे विसरूनच जातात. आपल्याकडच्या श्रेणी बघा, त्याही अशाच संघटना. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याने ३००० कार्षापणं (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. २००० वर दरमहा शेकडा एक, १००० वर शेकडा पाऊण. व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि बाकी खर्च. म्हणजे विणकरांची संघटना चक्क बँक होती, आणि तो सगळा व्यवहार दगडावर कोरून ठेवला. कॅम्पेनसाठी सरळ उचला: ठेव ठेवणारा राजा गेला, व्याज चालू आहे, आणि भिंतीवरचा लेख कुणीतरी रातोरात खोडलाय.

प्रवासातल्या संकटासाठी जातककथा वाचा, पहिलीच. दोन सार्थवाह (व्यापारी तांड्याचे म्होरके), प्रत्येकाच्या पाचशे गाड्या, मध्ये निर्जळ रान. पुढे गेलेल्याला समोरून यक्ष येतात, ओले केस, ओले कपडे, हातात कमळं. पुढे धो धो पाऊस आहे म्हणतात, पाण्याचे घडे कशाला वाहता, फेकून द्या. तो फेकतो. रात्री सगळे तहानेने आडवे, आणि यक्षांची मेजवानी. मागून आलेला बोधिसत्त्व विचार करतो: ढग कुणी बघितला का? गार वारा लागला का? वीज चमकली का? नाही ना, मग थेंबभर पाणी टाकायचं नाही. यात एकही तलवार नाही. नुसता इनसाइटचा (समोरच्याच्या मनातलं ओळखायचा) रोल आणि खेळाडूंची अक्कल. अजिंठ्याला १७ व्या लेण्यात सिंहल व्यापारी आणि राक्षसींच्या बेटाची कथा रंगवलेली आहे, तीही अशीच.

वीसफाशी

ओल्या कपड्यांचं उचललं. माझ्या ग्रुपमधलं कुणी हा धागा वाचत असेल तर इथेच थांबा.

कोपरा_सीट

वाचतोय.

वीसफाशी

झालं.

घाटवाटा

नाण्यांबद्दल अवांतर. चार-पाच संस्थानं म्हणजे चार-पाच टांकसाळी. पेशवाईत अंकुशी, चांदोरी असे किती तरी रुपये चालायचे, आणि एक देऊन दुसरा घेताना बट्टा कापला जायचा. पारखायला पोतदार. खेळात सोन्याचं नाणं सगळीकडे सारखंच असतं, ते मला कायम खटकतं. सीमा ओलांडली की दहात एक बट्टा, एवढा एक नियम घाला. व्यापाऱ्याचं पात्र एकदम कामाचं होतं, कारण बट्टा कुठे कमी ते त्यालाच ठाऊक.

हिशेबनीस

दहात एक ही दरवडेखोरी आहे. वीसात एक ठेवा.

चहाटळ

बघा, रुमाल टाका तुम्ही दोघं.

गोणपाट

मंडळी, धागा वर काढतोय. पात्र झालं, डीएमने मंजूर केलं, पहिली बैठकही झाली.

सखू तागडे, हाफलिंग (बुटक्या लोकांतली), बार्ड. गात नाही, भाव पुकारते. डीएमने ते चालवून घेतलं. २२ नाण्यांतून खेचर घेतलं, गाडीला एक नाणं कमी पडलं, ते आमच्या फायटरने घातलं. त्यामुळे गाडीचा पंधरावा हिस्सा आपला आहे असं त्याचं म्हणणं, आणि तो कायम डाव्या चाकाकडच्या कोपऱ्यावर पाय पसरून बसतो. सखूने वहीत लिहिलंय "एक नाणं, देणं". परत द्यायला गेली तर घेत नाही. नियमाने क्लासची नाणी होती, वीसफाशी, पण ती मीठ भरण्यात घातली.

वरती मीठ, तळाला जांगड मिरी. तीन भावांची पत्रं डीएमने खरी लिहून आणली, तीन वेगळ्या हस्ताक्षरांत. धाकट्याचं पत्र फार गोड आहे, म्हणून आमचा त्याच्यावरच संशय.

वही केली. विझर्डने कंदिलाचं तेल नेलंय असं लिहून दिलं. ड्रुइडने (निसर्गशक्ती वापरणाऱ्या पात्राने) "काही नेलेलं नाही" म्हणून सांगितलं आणि डीएमने हळूच त्याच पानावर काहीतरी लिहून वही बंद केली, ते आम्हाला अजून दाखवलेलं नाही.

रुमाल वापरला, जकातनाक्यावर. डीएमचा हात गार होता आणि ती अजिबात हसत नव्हती. तीनदा बोटं झाली. किती पडले ते इथे लिहीत नाही, फायटर हा धागा वाचतो.

निमूट, लोभाचं ध्यानात ठेवलं. सखूला पावसाची भीती आहे. मीठ आहे ना गाडीत.

आता एक नवी अडचण. गढीखालचं भुयार अरुंद आहे, गाडी आत जात नाही. खेचर आणि माल बाहेर कुणाच्या भरवशावर सोडायचा?

हिशेबनीस

गावातला एखादा पोऱ्या ठेवा. अकुशल मजुरी रोजची २ चांदीची.

चहाटळ

८० नाण्यांच्या मिरीवर दोन चांदीचा पोऱ्या?

हिशेबनीस

त्याला मीठ दिसतंय.

कापडबाजार

पोऱ्या ठेवा, पण निम्मी मजुरी आधी आणि निम्मी परत आल्यावर. आणि मिठाच्या वरच्या थरावर बोटाने एक रेघ ओढून जा. परत आलात की रेघ आधी बघायची, मग पोऱ्याशी बोलायचं.

वीसफाशी

गोणपाट, तुमच्या डीएमला या धाग्याची लिंक दिली आहे का? रेघेचं तिला कळायला नको.

गोणपाट

दिली आहे. कापडबाजार काका, दुसरी युक्ती व्यक्तिगत निरोपात पाठवा.